पानातलं आणि डब्यातलं

"अजून आत सार. तो नारिंगी दिसतोय."

कासिनेम दारात उभी राहून हुकूम सोडत होती आणि तिची मुलगी रुमियाती गुडघ्यांवर बसून पलंगाखाली प्लॅस्टिकचे डबे ढकलत होती. मोठे, लहान, एकात एक बसणारे, कडीचे, बिनकडीचे. वर्षानुवर्षं एकेक करून जमवलेले.

"माक, ती काय पोलीस आहे?"

"पोलीस परवडला. आपल्या तेंप्याची चार पुडकी हातावर ठेवली की जातो. ही पोर हळवी. प्लॅस्टिक दिसलं की डोळे भरतात तिचे. चादर ओढ पुढं, जमिनीला टेकू दे."

रुमियातीनं चादर ओढली. गंमत अशी की त्या घरात प्लॅस्टिक बघून कुणाला वाईट वाटायचंच असेल, तर तो हक्क पहिला तिचा होता. नदीपलीकडच्या सरकारी शाळेत ती भाषा शिकवायची. शाळेत तिनं खतासाठी खड्डा खणून घेतला होता, कँटीनमधून पिशव्या हद्दपार केल्या होत्या. मिळेल ते वाचायची आणि वाचलेलं घरी येऊन आईला सांगायची. चुलीत पिशव्या जाळू नकोस माक, तो धूर विषारी असतो. कासिनेम ऐकून घ्यायची, म्हणायची, "तुझ्या पुस्तकांना डास चावत नाहीत, मला चावतात," आणि आणखी एक पिशवी चुलीत सारायची. पंधरा-सोळा वर्षं हे चाललं.

मग दिआंद्रा आली. पहिल्याच भेटीत ती धुरानं खोकली आणि म्हणाली, "माक, हे नका ना जाळू. तुमच्या छातीला त्रास होईल." दुसऱ्या दिवसापासून जाळणं बंद. जिथं पिकतं तिथं विकत नाही, हे रुमियातीला माहीत होतं. पण आपल्याच झाडाची फळं दुसरीच्या टोपलीतून आली की आईला गोड लागतात, हे गिळणं तिला जड गेलं. तेव्हापासून तो घास घशातच होता.

दिआंद्रा जकार्ताच्या मोठ्या घरातली. सोलो शहरात तिनं दुकान काढलं होतं. लोक तिथं घरून बरण्या घेऊन येत आणि तांदूळ, तेल, साबणाचं पाणी सुटं भरून नेत. रुमियातीच्या वस्तीनं पिढ्यान्‌पिढ्या असंच सुटं घेतलं होतं, आपापल्या वाटीत, आपापल्या बाटलीत. मग चकचकीत पुड्या आल्या. आता वस्तीतली बाई एका न्हाण्यापुरती शांपूची पुडी घेई, कारण अख्ख्या बाटलीचे पैसे एका वेळी हातात नसत. पुडी नदीत जाई, आणि नदी घाण केल्याबद्दल बोलणीही तिलाच बसत. सुटं घेणं ही मात्र शहरातल्या श्रीमंतांची चैन झाली होती. रुमियाती एकदा त्या दुकानात जाऊन आली होती. मोकळ्या भिंती, लाकडाचा वास, कशावर काही रचलेलं नाही. तिला तिथलं सगळं आवडलं, आणि आवडलं याचाच राग आला. अशा मोकळ्या खोलीची तिला जन्मभर हौस होती. पण मोकळी खोली त्यालाच परवडते, ज्याला टाकलेली वस्तू उद्या परत विकत घेता येते. तिच्या घरात फुटकी बादलीसुद्धा माळ्यावर ठेवलेली असे.

त्या दुकानात कासिनेमचं तेंपे विकायला होतं. उकडलेलं सोयाबीन सागाच्या पानात बांधून आंबवलेलं, वर भाताच्या काडीची गाठ. वस्तीतल्या बाकीच्या बायकांनी कधीच पिशव्या धरल्या होत्या. कासिनेमनं पानं सोडली नव्हती ती एवढ्याचसाठी, की दफनभूमीमागच्या सागवनात ती फुकट मिळत, आणि पिशव्या चिकटवायचं यंत्र घेणं दर वर्षी राहून जाई. त्या वर्षी मात्र यंत्र अगदी नक्की झालं होतं. तेवढ्यात दिआंद्रा कॅमेरा घेऊन आली आणि कासिनेम एका दुपारीत परंपरेची राखणदार झाली.

गाडी बाहेर थांबली. दिआंद्रा आत आली, चपला काढून, वाकून. अंगात धुऊन धुऊन विटल्यासारखा सुती सदरा. विटलेला नव्हता, तसा विणवून घेतला होता. रुमियातीला ते कळत होतं आणि कासिनेमला कळत नव्हतं, ती म्हणाली, "बघ बाई, एवढी श्रीमंत, पण कपडे कसे साधे."

मग तिनं चटईवर हात थोपटला. "न्दुक, इकडे बस माझ्याजवळ."

न्दुक. आई लेकीला हाक मारते तो शब्द. तसं वस्तीत कुठलीही म्हातारी कुठल्याही पोरीला न्दुक म्हणे, त्यात विशेष काही नव्हतं. पण रुमियातीच्या वाट्याला येणाऱ्या न्दुकच्या मागं नेहमी एक काम असे. न्दुक, पाणी भर. न्दुक, दार लाव. दिआंद्राच्या न्दुकमागं काहीच नसे, नुसता लाड. सवतीमत्सराच्या गोष्टी रुमियातीनं पुष्कळ वाचल्या होत्या. आईवरून होणाऱ्या मत्सराला शब्द आहे का, हे ती मनातल्या मनात शोधत राही आणि पेले विसळत राही.

कासिनेम दिआंद्राला घडी शिकवत होती, कितव्यांदा तरी. "पान उलटं धर. हां. आता टोक आत. तुझे हात मऊ आहेत, पान घाबरत नाही तुला." रुमियाती सात वर्षांची असताना हीच घडी शिकली होती, आणि प्रत्येक चुकीला बोटांवर काडीचा फटका होता.

"म्बाक रुमि," दिआंद्रा तिच्याकडे वळून, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं, म्हणाली, "तुम्ही किती भाग्यवान. अशा घरात वाढलात. माकनं तुम्हाला न शिकवताच सगळं शिकवलं."

"हो," रुमियाती म्हणाली. "न शिकवताच."

कासिनेमनं तिच्याकडे एक कटाक्ष टाकला आणि दिआंद्राला म्हणाली, "तिच्याकडे लक्ष नको देऊ. फार वाचते ना, त्यानं पित्त होतं."

दोघी हसल्या. रुमियातीही हसली. ते जास्त लागलं.

गाडीची धूळ खाली बसली तशी कासिनेम टुणकन उठली. "गेली? काढ बाहेर." आणि स्वतःच कपाटामागून कापडात गुंडाळलेला एक डबा काढला. शेजारच्या बू दार्मी हप्त्यावर डबे विकत. त्यांच्याकडून आदल्याच दिवशी घेतलेला. हिरवा, घट्ट झाकणाचा.

"बघ. केळीच्या कोवळ्या पानाचा रंग. आणि फाटत नाही. ऐक आता." तिनं झाकण दाबलं. टप्प. "ऐकलंस? आत हवाही जायची नाही."

"माक, अजून एक? किती झाले?"

"तुला कशाला मोजायला हवेत? मी मेल्यावर माझ्या सातव्याला द्यायचेत ते. दुआ म्हणायला येतील त्यांना सातव्या दिवसाची बरकत, घरी न्यायचं जेवण, यातून द्यायची, कळलं? पानं बिनं गुंडाळायची नाहीत. मी लहान असताना गावप्रमुखाच्या घरी कार्य असलं की माझी आई तिथं भांडी घासायला जायची. पाहुण्यांना बरकत चिनीमातीच्या वाडग्यातून मिळायची, झाकण घालून. आम्हाला पानातून. पानातलं गड्यांना, भांड्यातलं माणसांना. रस्त्यानं येताना पान फुटायचं आणि रस्सा माझ्या कोपरापर्यंत यायचा. माझ्या दारातनं कुणी तसं जायचं नाही. आधी रंग तर बघ."

रुमियातीला दिवसभराचं साचलेलं होतं. ती म्हणाली, "हा चारशे वर्षं कुजायचा नाही, माक."

"बरं मग," कासिनेम म्हणाली. "कासिनेमचं नाव तेवढं तरी टिकेल." आणि पदरानं डबा पुसून तिनं तो पुन्हा कापडात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली नाही. सोयाबीन भिजत घातलेलं होतं, ते वर फेस धरून तसंच राहिलं.

त्यांच्याकडे आईला शेवटची आंघोळ घालताना लेकरं रांगेत बसून तिला मांडीवर घेतात आणि वरून पाणी सोडतात. अट एकच, मृताच्या अंगावर डोळ्यातलं पाणी पडायचं नाही. ज्याला आवरत नाही त्यानं दूर व्हायचं. रुमियातीच्या मांडीवर डोकं होतं, पाय मावशीकडे. रुमियातीचे डोळे कोरडे होते. आईच्या केसांतून पाणी तिच्या मांडीवर येत होतं, गार, आणि ती एकच गोष्ट बघत होती, की आईच्या तर्जनीवर पानाच्या डिंकाचा तपकिरी डाग अजून आहे आणि तो निघत नाही.

दिआंद्रा बातमी कळताच निघून आली होती. ती पडद्यापर्यंत आली आणि हुंदका फुटला. मावशीनं तिला मागं लोटलं, "दूर, पोरी, दूर, अंगावर पडेल." मग अंगणातून तिचं रडणं ऐकू येत राहिलं, आणि तिला समजावणाऱ्या बायकांचे आवाज. पाणी पी. मन घट्ट कर. तुझ्यावर फार जीव होता गं म्हातारीचा.

दफन करून लोक परतले तेव्हा शेजारणींचा घोळका अजून दिआंद्राभोवतीच होता. कुणीतरी कुणाला म्हणालं, "रुमियाती बघ, दगडासारखी. लेक कोणती नि परकी कोणती, सांगता यायचं नाही." रुमियातीनं ते ऐकलं. आवरलं म्हणून आपल्याला आईचं डोकं मिळालं आणि आवरलं नाही म्हणून दिआंद्राला सांत्वन मिळालं, असा हिशेब तिनं मनात मांडला. मांडीवरचं ओझं खरं तर मोठं. पण सांत्वनाचाही हेवा वाटत होता, आणि आईला पुरून आल्या दिवशी आपल्याला हे वाटावं याची तिला लाज वाटली. लाजेनं हेवा मेला नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसून राहिले.

तिसऱ्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर स्वयंपाकघरात सातव्याची बोलणी निघाली. दिआंद्रा तयारीनं आली होती.

"बांबूच्या टोपल्या मी आणते. आत केळीचं पान, वर सागाचं. आणि प्रत्येकीवर माकचा फोटो, खाली फक्त एवढंच, 'पानांची आई'. एकही प्लॅस्टिकची वस्तू नाही. माकला तेच आवडलं असतं ना? खर्चाचं बघू नका, मला करू द्या. मला तिची लेकच समजा."

बायकांनी माना डोलावल्या. मावशीचे डोळे पाणावले. बू दार्मी तेवढ्या लसूण सोलत खाली बघत राहिल्या.

दिआंद्राच्या बोलण्यात खोड काढायला जागा नव्हती. दुसऱ्या कुणाच्या सातव्याला रुमियातीनं स्वतः हेच सुचवलं असतं, याच शब्दांत. पान कुजतं, मातीत जातं, हे शाळेत मुलांना तीच शिकवायची. दिआंद्रा जे बोलत होती ते रुमियातीचंच होतं, आणि आता आईही तिचीच व्हायची राहिली होती. पानांची आई. छापून.

"बरकत डब्यांतून द्यायची," रुमियाती म्हणाली.

"कसल्या डब्यांतून?"

ती उठली. दिआंद्रा मागोमाग आली. रुमियातीनं पलंगाची चादर वर केली आणि डबे एकेक करून बाहेर ओढले. नारिंगी, जांभळे, गुलाबी, कडीचे, बिनकडीचे. खोलीभर झाले. हे आईसाठी करतोय की दिआंद्राचा चेहरा बघायला, हा प्रश्न तिच्या मनात येऊन गेला. दोन्हीसाठी. कशासाठी किती, ते तिनं तपासलं नाही.

दिआंद्रा खाली बसली. एका डब्याचं झाकण उघडून तिनं आत पाहिलं, जणू आत काही सापडेल.

"मी येताना हे लपवायचात?"

"मी लपवायचे. ती सांगायची."

"म्हणजे इतके दिवस..." तिनं झाकण परत लावलं. "म्हणजे मी पाहुणीच होते."

ते वाक्य रुमियातीनं जिभेखाली गुळाच्या खड्यासारखं ठेवलं आणि पुढचे चार दिवस चघळलं.

बू दार्मी दारात येऊन उभ्या होत्या. "तुझी आई म्हणजे माझं सगळ्यांत पक्कं गिऱ्हाईक," त्या रुमियातीला म्हणाल्या. "तूच म्हणायचीस ना, बू दार्मी वस्तीत विष विकतात? आता वाट स्वतःच्या हातानं."

"वाटते," रुमियाती म्हणाली. "माझ्या शाळेत तेवढं सांगू नका."

सातव्या दिवशी सांजेच्या मगरिब नमाजानंतर पुढच्या खोलीत पुरुष चटयांवर बसून दुआ म्हणत होते आणि मागं बायका डबे भरत होत्या. भात, रस्सा, अंडं, तळलेलं तेंपे, गोड आंबोळी. दिआंद्राही रांगेत बसली होती. तिनं टोपल्यांचा विषय पुन्हा काढला नव्हता. झाकणं बसत होती, टप्प, टप्प, टप्प, आणि दुआ म्हणणाऱ्यांत नि त्या आवाजात काही बेबनाव वाटत नव्हता.

नदीवर बाटल्या-पुड्या गोळा करणारे म्हातारे पाक सरिमान शेवटी उठले. त्यांनी डबा हातात घेतला, झाकण उघडून परत लावलं आणि बू दार्मींना हळूच विचारलं, "डबा कधी आणून देऊ?"

"आणायचा नाही, पाक. तुमचाच आहे."

"झाकणसुद्धा?"

"झाकणसुद्धा."

त्यांनी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि ताठ चालत गेले. रोज ते पाठीवर पोतं घेऊन वाकून चालत. रुमियाती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. आई काय म्हणत होती ते त्या पाठीवरून तिला आता कळलं. चारशे वर्षं तिला माहीत होती. कोपरापर्यंत ओघळलेला रस्सा तिला माहीत नव्हता.

राबलेल्या बायकांना त्यांचा वाटा देऊन झाला. दिआंद्रा निघताना दारात घोटाळली.

"म्बाक, मलाही द्या ना एक. माकच्या डब्यांतला."

हिरवा डबा फडताळात होता, कापडात गुंडाळलेला. रुमियातीची पाठ फडताळाला लागली.

"डबे संपले," ती म्हणाली.

आणि वळून तिनं कोपऱ्यातल्या टोपलीतून सागाची दोन पानं घेतली. आईनं आणून ठेवलेली ती शेवटची पानं, आता कडेनं वाळलेली. त्यांत भात घातला, अंडं, तेंप्याचे दोन तुकडे. टोक आत, घडी, काडीची गाठ. फटके खाऊन शिकलेली घडी, डोळे मिटूनही चुकली नसती. पुडकं तिनं उजव्या हातानं दिआंद्रापुढं धरलं.

दिआंद्रानं ते घेतलं, नाकाशी नेलं, मग कपाळाला लावलं. तिचे डोळे वाहायला लागले. "तिची शेवटची पानं," ती म्हणाली. "यापेक्षा मोठं मला कुणी काय देणार होतं, म्बाक?" आणि रुमियातीच्या हाताला कपाळ टेकवून ती गाडीत बसली.

गाडी वळली. बू दार्मी म्हणाल्या, "रुम, तुझी आई म्हणायची, पानातलं गड्यांना. विसरलीस?"

"नाही."

"मग?"

"विसरले नाही म्हणूनच."

बू दार्मींनी जीभ टाळ्याला लावून चक् केलं. "आणि ती पोर कपाळाला लावून गेली. आता तू पचव." चपला घालता घालता त्यांनी फडताळाकडे हनुवटी केली. "हिरव्याचे दोन हप्ते राहिलेत तुझ्या आईचे. ते माझ्याकडून तिला. तू ठेव तो."

रुमियातीला वाटलं होतं, अपमान केल्यावर आत काहीतरी थंड होईल. अपमान झालाच नव्हता. तिनं दिलेली पायरी दिआंद्रानं मुकुटासारखी डोक्यावर ठेवली होती, कारण जिनं कधी पानातलं गडी म्हणून खाल्लं नाही तिला पान म्हणजे पानच. याचाही हेवा. पानाकडे नुसतं पान म्हणून बघता येण्याचा.

सकाळी घर रिकामं होतं. मावशी गेली होती, पलंगाखाली जमीन दिसत होती. तिला हवी होती तशी मोकळी खोली. ती त्या मोकळ्या जागेकडे थोडा वेळ बघत उभी राहिली, मग चादर पुन्हा जमिनीपर्यंत ओढली.

स्वयंपाकघरात जाऊन तिनं फडताळ उघडलं, कापड सोडलं आणि डबा खिडकीत ठेवला. ऊन त्याच्यातून आरपार आलं आणि ओट्यावर हिरवं पसरलं. बाहेर केळीवर नवं पान सुटत होतं, अजून गुंडाळलेलं. तिनं डब्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, परत डब्याकडे. आईनं काही वाढवून सांगितलं नव्हतं.

तिनं झाकण दाबलं. टप्प.

दाराबाहेरून कुणी जात असेल तर ऐकेल, हे तिच्या मनात आलं. तरी ती मोठ्यानं म्हणाली, कुणी समोर उभं असताना म्हणतात तसं:

"माक, रंग फार छान आहे गं."